‘माझं मला सगळं जमतं’: खरंच किती जमतं, हे कसं ओळखायचं?

“वीजबिल भरलं का?” असं विचारलं की आजोबा ठामपणे सांगतात, “कधीच भरलं.” मग एके दिवशी वीज तोडायला आलेला माणूस दारात उभा राहतो आणि टेबलाच्या खणात एक नाही, तीन बिलं सापडतात. मुलगा म्हणतो, “बाबा खोटं बोलतात.” बाबा म्हणतात, “मला वेड्यात काढायचं ठरवलंय तुम्ही.” शेजारच्या घरात याच्या अगदी उलट. “आता माझ्याच्याने काही होत नाही,” असं म्हणत आजी दिवसभर पलंगावर बसून असतात. पण सून दोन दिवस माहेरी गेली की त्याच आजी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ओटा धुऊन ठेवतात.

दोन्ही घरांत अडचण एकच आहे. माणसाला स्वतःच्या क्षमतेबद्दल जे वाटतं आणि तो प्रत्यक्षात जे करतो, त्यांचा मेळ बसत नाही. ‘आईला एकटीला ठेवावं का’, ‘बाबांच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यावी का’, ‘त्यांची सही आता चालेल का’ हे सगळे प्रश्न त्यातूनच येतात. तुम्ही स्वतः सत्तरीत असाल किंवा सत्तरीतल्या आई-वडिलांची काळजी घेत असाल, पुढची माहिती दोघांसाठी आहे. शक्य असेल तर दोघांनी मिळूनच वाचा.

हट्ट, लपवाछपवी, की खरोखरच कळत नाही?

१९१४ साली जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञाने एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट नोंदवली. अर्धांगवायूने शरीराची डावी बाजू लुळी पडलेले काही रुग्ण आपल्याला काही झालंय हेच मान्य करत नसत. ‘हात हलवा’ म्हटलं तर ‘हा काय हलवला’ असं उत्तर मिळे. बाबिन्स्कीने या अवस्थेला ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ असं नाव दिलं. आपल्याला आजार आहे याचीच जाण नसणं, असा त्याचा अर्थ. अल्झायमरसारख्या आजारांतही हे घडतं. मेंदूच्या ज्या भागांवर काम पार पाडण्याची भिस्त असते, त्यांच्याबरोबर स्वतःवर नजर ठेवणारी यंत्रणाही दुखावते. असा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला जे दिसतं, तेच तो सांगत असतो.

पण प्रत्येकाचं असं होत नाही. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी २००७ मध्ये आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं स्वतःहून जाहीर केलं. टंकलेखनात आणि शब्दांच्या स्पेलिंगमध्ये होणाऱ्या चुका त्यांना स्वतःला जाणवल्या होत्या. पुढे टंकलेखन जमेनासं झालं तेव्हा ते तोंडी सांगून कादंबऱ्या लिहू लागले, आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. उणीव ओळखता आली म्हणून त्यांना पद्धत बदलता आली.

तुमच्या घरात नेमकं काय चाललंय, हे ठरवायला हा फरक लक्षात घ्या:

- लपवणं. माणसाला उणीव ठाऊक असते, पण लाज किंवा भीती वाटते. ‘चष्मा सापडत नाही’, ‘आज कंटाळा आलाय’ अशी कारणं पुढे येतात. काम टाळलं जातं, विषय बदलला जातो.
- न कळणं. चूक दाखवली की खरंखुरं आश्चर्य वाटतं. काम न कचरता, पण चुकीचं केलं जातं. पैसे सापडले नाहीत तर कामवाल्या बाईंवर संशय घेतला जातो.
- अर्धवट कळणं. ‘हल्ली विसरायला होतं’ हे माणूस सहज कबूल करतो; पण गॅसवर दूध ठेवून फोन घेताना ती जाणीव त्या क्षणी कामाला येत नाही.

तिसरा प्रकार घरच्यांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतो. जोन टोग्लिया आणि अर्सुला कर्क या अभ्यासकांनी २००० साली नेमका हा भेद मांडला: स्वतःबद्दल असलेली सर्वसाधारण माहिती वेगळी आणि काम चालू असताना येणारी जाग वेगळी. घरातल्या निर्णयासाठी त्याचा अर्थ साधा आहे. ज्यांना एरवी कळतं पण ऐन वेळी सुचत नाही, त्यांना सकाळी चहाच्या वेळी दिलेला उपदेश दुपारी गॅसपाशी उपयोगी पडत नाही. आठवण त्या जागी, त्या वेळी मिळायला हवी.

गप्पांवरून अंदाज बांधू नका

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या एका प्रकांड पंडिताची भूमिका केली आहे. अल्झायमर झालेला हा माणूस मोटारीत बसलेला असतो, रस्त्याने हत्ती जाताना दिसतो, आणि तो त्याच्या मागे चालू लागतो आणि हरवतो. संस्कृत ओठांवर आहे, घरचा रस्ता नाही. घराघरांत हेच दिसतं. पाहुणे येतात, तासभर गप्पा मारतात आणि जाताना म्हणतात, “छे, ह्यांना काय झालंय? किती छान बोलतात!” दिवसरात्र सोबत असणाऱ्या सुनेला किंवा बायकोला हे ऐकून रडू येतं. मुरलेली भाषा, शिष्टाचार, जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. नवी माहिती धरून ठेवणं आणि चार पायऱ्यांचं काम क्रमाने करणं मात्र आधी ढासळू शकतं.

म्हणून कामाकडे बघायचं. त्यासाठी जगभर दोन जुन्या याद्या वापरल्या जातात. सिडनी कॅट्झ यांच्या १९६३ च्या यादीत शरीराची मूलभूत कामं आहेत: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, मल-मूत्रावर ताबा, जेवण. पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांच्या १९६९ च्या यादीत घर चालवण्याची कामं येतात: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. उतरण बहुधा दुसऱ्या यादीपासून सुरू होते, आणि त्यातही पैसे आणि औषधांपासून. अंघोळ स्वतः करतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यामुळे समजू नका.

यादी हाती घेताना एक सावधगिरी बाळगा. लॉटन-ब्रॉडींच्या मूळ मोजणीत पुरुषांचे स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुण्याचे गुण धरलेच जात नसत. आपल्याकडेही ज्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात कुकर लावला नाही, त्यांना आता तो लावता येत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. ज्या आजींचे बँकेचे व्यवहार कायम यजमानांनीच पाहिले, त्यांनाही हेच लागू आहे. तुलना शेजाऱ्याशी नको, त्याच माणसाच्या पाच वर्षांपूर्वीच्या कामाशी करा.

एकत्र कुटुंबात तर घसरण झाकलीच जाते. सून न सांगता औषधं काढून देते, नातू फोन लावून देतो, किराणा घरपोच येतो. कुणाला काही कमी पडत नाही, आणि काय कमी झालंय हेही कुणाला कळत नाही.

एक काम, अर्धा तास: घरच्या घरी बघण्याची पद्धत

‘तुम्हाला जमतं का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर ‘जमतं’ किंवा ‘नाही जमत’ एवढंच येणार. त्याऐवजी एखादं खरं, रोजच्या गरजेचं आणि थोडं गुंतागुंतीचं काम निवडा. साधा चहा इथे उपयोगाचा नाही. पन्नास वर्षांची सवय हातांना तो करायला लावते. आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरणं हे चांगलं काम आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, चार-पाच स्ट्रिपा, सात दिवसांचे कप्पे, आणि एखादी गोळी एक दिवसाआड घ्यायची.

१. परवानगी घ्या. “पुढच्या आठवड्याच्या गोळ्या आपण आज बरोबर भरू या, मी शेजारी बसते.” चोरून परीक्षा घेतली आणि ती उघडकीला आली, तर पुढे विश्वास बसत नाही.

२. आधी अंदाज विचारा. “किती वेळ लागेल? यात अवघड काय वाटतं? कुठे चुकू शकेल?” उत्तर लिहून ठेवा.

३. काम करू द्या. हात मध्ये घालू नका. धोका असेल तरच थांबवा.

४. नंतर त्यांनाच विचारा. “कसं झालं? पुन्हा एकदा तपासायचं का?” मग दोघांनी मिळून चिठ्ठीशी ताडून पाहा.

किती चुका झाल्या यापेक्षा चूक झाल्यावर काय झालं, हे महत्त्वाचं. स्वतःची चूक स्वतःला दिसली आणि सुधारली, तर मोठा दिलासा आहे. “चिठ्ठी पुन्हा बघता का?” एवढ्या इशाऱ्यावर चूक दिसली, तर इशाऱ्याची सोय करून काम चालू ठेवता येईल. समोर ठेवूनही दिसली नाही, किंवा दिसली आणि ‘हे बरोबरच आहे’ असा आग्रह राहिला, तर त्या कामात आता माणूस सोबत हवा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावतही बोलकी असते. ‘दहा मिनिटांत होईल’ म्हटलेल्या कामाला पाऊण तास लागला आणि तरी ‘दहाच मिनिटं लागली’ असं उत्तर आलं, तर तशी नोंद करा.

हेच काम वेगवेगळ्या तीन दिवशी पाहा. चष्मा, कानातलं यंत्र लावलेलं असू द्या. पोट रिकामं नको आणि झोप झालेली असावी. नातवंडांसमोर, पाहुण्यांसमोर हे करू नका. मास्तरकीचा सूर लागला की माणूस घाबरतो आणि येत असलेलंही चुकतो.

तुम्ही एकटे राहत असाल तर हे स्वतःपुरतं करा. डायरीच्या डाव्या पानावर आजच्या बाजारहाटाचा अंदाज लिहा, किती वस्तू, किती पैसे, किती वेळ. उजव्या पानावर घरी आल्यावर जे घडलं ते. महिनाभराने दोन्ही पानं मुलीला किंवा मित्राला दाखवा.

एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा: या पद्धतीने आजाराचं निदान होत नाही. कुठल्या कामात किती मदत लागेल, एवढंच ठरतं.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन जायचं

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, शेजाऱ्याचं नाव ऐन वेळी न आठवणं आणि नंतर आठवणं, हे वयाबरोबर येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. आकडा मोठा आहे. पण याचाच अर्थ असा की दहातल्या नऊहून जास्त ज्येष्ठांना तो नाही. प्रत्येक विसरण्यावर ‘अल्झायमर झाला’ असा शिक्का मारू नका.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नका:

- वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा क्रम चुकणं: फोडणीआधीच भाजी, पीठ न मळताच तवा तापत ठेवणं.
- रोजच्या वाटेवर चुकणं.
- तीच गोळी दोनदा घेणं, तेच पैसे दोनदा देणं.
- सहा महिन्यांत स्पष्ट दिसणारी घसरण.

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर तो वयाचा भाग समजू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडिअम घटणं (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते घटतं), पडल्यानंतर डोक्यात साचणारं रक्त, पक्षाघात, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. हळूहळू आलेल्या घसरणीमागेही बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू किंवा कमी ऐकू येणं असू शकतं. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत.

जाताना सगळी औषधं एका पिशवीत घाला. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीही. तुमच्या नोंदींचं पान बरोबर ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत ज्येष्ठांसमोर ‘ह्यांना काहीच कळत नाही’ असं बोलू नका. आधी त्यांना बोलू द्या, मग तुमचं पान पुढे करा.

स्मरणशक्तीच्या चाचणीत मिळालेल्या गुणांनी घाबरूनही जाऊ नका. या चाचण्यांत लिहिणं, वजाबाक्या, चित्रं असतात, आणि शाळेत कमी गेलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी येतात. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात, निरक्षर ज्येष्ठांना डोळ्यांसमोर ठेवून, नव्वदच्या दशकात हिंदीतली वेगळी चाचणी आणि रोजच्या कामांची भारतीय प्रश्नावली बनवली गेली. तुमची आई दुसरी शिकलेली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शक्य असेल तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. रोजच्या कामाची बारकाईने पाहणी करणं आणि त्यासाठी मार्ग काढणं हाच त्यांचा व्यवसाय आहे, आणि या विद्येचं भारतातलं मूळ घर मुंबईत आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची पहिली शाळा उभी केली. आज के. ई. एम., नायर, शीव आणि नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे विभाग आहेत. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल, तर महाराष्ट्राच्या परिषदेकडची नोंदणी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

काम काढून घेण्याआधी काम बदला

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही प्रेमापोटी. आईने एकदा आमटीत दोनदा मीठ घातलं की दुसऱ्या दिवसापासून तिला ओट्यापाशी फिरकू दिलं जात नाही. मग हातांची सवय जाते, दिवस रिकामा होतो, घरातलं स्थान जातं, आणि सहा महिन्यांनी घरचेच म्हणतात, ‘आता तर ती काहीच करत नाही.’ संपूर्ण काम थांबवणं हा शेवटचा पर्याय आहे. त्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत.

- कामाचे तुकडे करा. पुरणपोळी एकटीने होत नसेल, तर पुरण शिजवणं आणि वाटणं दुसऱ्याकडे, लाटणं त्यांच्याकडे. कुठला तुकडा निसटतो ते आधी बघा.
- आठवण जागेवर ठेवा. गॅसच्या शेगडीमागे मोठ्या अक्षरांत ‘बटण बंद?’, दाराच्या आतल्या बाजूला ‘किल्ली, फोन, चष्मा’. दहा चिठ्ठ्या लावल्या तर एकही वाचली जात नाही; दोनच लावा.
- पसारा कमी करा. चालू औषधंच घरात ठेवा, जुन्या स्ट्रिपा टाकून द्या. मिठाचा आणि साखरेचा डबा सारखा दिसत असेल तर एक बदला.
- वेळ नेमून द्या. पैशांची आणि कागदपत्रांची कामं सकाळी. फोन आणि गॅस एका वेळी नको.
- तपासणी कामातच बसवा. गोळ्या भरून झाल्या की मुलीला फोटो पाठवायचा. ही तक्रार नाही, कामाची शेवटची पायरी आहे.

स्मरणशक्तीच्या खेळांवर आणि ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या अ‍ॅपवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. अमेरिकेत २,८०२ ज्येष्ठांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या मोठ्या चाचणीत ज्याचं प्रशिक्षण दिलं ते कौशल्य सुधारलं. दहा वर्षांनंतर प्रशिक्षण घेतलेल्यांनी रोजच्या कामांतला त्रास इतरांपेक्षा कमी असल्याचं सांगितलं. मात्र रोजची कामं प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवा. पण औषधं चुकत असतील, तर सराव औषधांच्या डब्याचाच हवा.

गॅस, पैसा, गाडी

ही तीन कामं वेगळी काढावी लागतात, कारण यातली चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

गॅस: दूध दोन-तीनदा जळालं, भांडं करपलं तर आठवण पुरेशी नाही, साधन बदला. वेळ लावून आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी चांगली. पण ती लवकर आणा. नवं साधन शिकण्याची ताकद आहे तोवर हाताला सवय व्हायला हवी. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याचं काम घरातल्या एका ठरावीक माणसाकडे असू द्या.

पैसा: सगळे व्यवहार एकदम हिसकावून घेऊ नका. रोजच्या खर्चासाठी छोटी शिल्लक असलेलं एक खातं, त्याचं कार्ड आणि यूपीआय मर्यादा घालून, ज्येष्ठांकडेच राहू द्या. मोठ्या ठेवी वेगळ्या खात्यात आणि त्या खात्याचे संदेश दोन फोनवर. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं करायचं का, याचा विचार आजच करा. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगितलं जातं. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि कृपा करून रागावू नका. फसवले गेलेले कित्येक ज्येष्ठ घरच्यांच्या भीतीने गप्प बसतात आणि पैसे अडवण्याचे पहिले मोलाचे तास निघून जातात.

सत्तरी पार केलेल्यांना आणि आजारी-अपंगांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना दिल्या आहेत. शाखेत ‘असं काही नसतं’ म्हणाले, तर लेखी अर्ज द्या. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

गाडी: ‘चाळीस वर्षांत एक अपघात नाही’ हा पुरावा आजच्या नजरेचा नसतो. महिन्यातून एकदा शेजारच्या सीटवर बसा, स्कूटर असेल तर मागे. डावीकडून येणारी गाडी दिसते का, सिग्नलला उशीर होतो का, गाडीवर नवे ओरखडे आहेत का, ते बघा. पंचावन्न ओलांडल्यावर वाहन परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांसाठीच होतं आणि वैद्यकीय दाखला लागतो. तो सहीपुरता न घेता नजर आणि हालचाली खरोखर तपासून घ्या. किल्ली ठेवायला सांगताना पर्याय हातात द्या: ठरलेला रिक्षावाला, मुलाची शनिवारची फेरी. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पुढे प्रवास मोफत.

सही करण्याआधी

जाण कमी होत चाललेल्या माणसाचे हक्क कमी होत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट सांगतो की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. माहिती समजते, परिणाम कळतो आणि निर्णय कुठल्याही प्रकारे सांगता येतो, तर त्या निर्णयापुरती क्षमता आहे. हिशोब न जमणारी आजी कुठे राहायचं ते अगदी नीट ठरवू शकते. तिला विचारा.

कागदपत्रांत नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- मुखत्यारपत्रावर विसंबणं. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनाची स्थिरता गेली की भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी होतं. त्यानंतर मालमत्तेचे व्यवहार करायचे तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. संयुक्त खाती, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे सगळं आधीच करून ठेवा.
- मृत्युपत्र लांबणीवर टाकणं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. शंका येण्यासारखी परिस्थिती असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.
- अट न घालता बक्षीसपत्र करणं. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. ती अट कागदात लिहून घ्या. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा असतो.
- उपचारांबद्दल न बोलणं. मानसिक आजारात आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे २०१७ च्या कायद्याखाली आगाऊ लिहून ठेवता येतं.

छळ, फसवणूक, एकटेपणा, कुठलीही अडचण असो, ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७. मन खचलं असेल तर ‘टेलि-मानस’ १४४१६.

‘मला आता काही जमत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

स्वतःला कमी लेखणं हेही अंदाज चुकणंच आहे आणि ते घरात लवकर मान्य होतं, कारण त्यात कुणाशी भांडण नसतं. एकदा न्हाणीघरात घसरल्यावर ‘पुन्हा पडेन’ या धास्तीने चालणं थांबतं, न चालल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका खराच वाढतो. नैराश्यातही माणूस आपल्या चुकाच मोजतो. इथेही तीच अंदाजाची पद्धत वापरा. “जिना चढताना किती वेळा थांबावं लागेल?” “चार वेळा.” प्रत्यक्षात एकदाच थांबावं लागलं, तर ते कागदावर लिहा आणि त्यांनाच वाचायला द्या. कौतुकाच्या चार वाक्यांपेक्षा ते पान जास्त पटतं. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, बोलणं मंदावलेलंच असेल तर नैराश्याची तपासणी करून घ्या.

मुलं दूर असतील, किंवा जोडीदार गेला असेल

मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूत असतात आणि रविवारी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल होतो. त्यात बोलणं दिसतं, काम दिसत नाही. कॉलवरच एखादं काम एकत्र करा: “आई, या महिन्याचं बिल कॅमेऱ्यासमोर धर, दोघं मिळून भरू.” वर्षातून एकदा घरी याल तेव्हा पहिल्या दोन दिवसांत घर आवरायला घेऊ नका. फ्रिजमध्ये काय नासलंय, औषधांच्या स्ट्रिपांत तारखेप्रमाणे किती गोळ्या उरायला हव्या होत्या, न उघडलेली पत्रं किती, एकच वस्तू चार-चार वेळा आणली गेलीय का, हे आधी बघा. तुम्ही आवरून टाकलंत की पुरावाही जातो.

पन्नास वर्षांच्या संसारात नवरा-बायको एकमेकांची उणीव नकळत भरून काढत असतात. तिला ऐकू कमी येतं, तो फोन घेतो. त्याला दिवस लक्षात राहत नाही, ती गोळी हातात देते. एक जण गेल्यावर दुसऱ्याची घसरण एकाएकी झाल्यासारखी वाटते. खरं तर ती आधीपासूनच असते. म्हणून तेरावा झाल्यावर, पाहुणे परतण्यापूर्वी एक दुपार काढा. गेलेली व्यक्ती घरात कोणकोणती कामं करत होती, त्याची यादी मागे राहिलेल्याच्या शेजारी बसून त्यांच्याच तोंडून लिहून घ्या: दूधवाल्याचा हिशोब, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅसचं बुकिंग, रक्तदाबाची गोळी, पासबुक कुठल्या कपाटात आहे. प्रत्येक कामापुढे ‘एकट्याने’, ‘सोबतीने’ किंवा ‘दुसऱ्याने’ यांतलं एक लिहा. ‘सोबतीने’ असं लिहिलेलं पहिलं काम त्याच आठवड्यात बरोबर बसून करा आणि तीन महिन्यांनी ती यादी पुन्हा उघडा.